तहकुबीची भजी

"सोडू का भजी?" हौसाबाईंनी विचारलं.

"थांबा जरा," मी म्हणालो. "अजून सभा सुरू व्हायची आहे."

त्या झारा हातात धरून माझ्याकडे बघतच राहिल्या. "सुरू? आवो, सभा कधी सुरू हुती व्हय? ती तर तहकूब हुती."

बाई काही खोटं बोलत नव्हत्या. वारणाकाठ विभागीय रग्बी संघटनेची वार्षिक सभा गेली आठ वर्षं न चुकता तहकूबच होत आली होती. नियम असा, की एकूण सभासदांपैकी एक तृतीयांश माणसं हजर असल्याशिवाय सभा भरत नाही. त्याला गणपूर्ती म्हणायचं. दिलेल्या वेळेपासून अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करायची आणि तिथल्या तिथे पुन्हा घ्यायची. मग दोन टाळकी असली तरी भागतं. एवढी सोय असल्यावर वेळेवर मरायला कोण येतंय? आमचे सभासद हनुमान तालमीच्या समोर, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसून राहायचे. तालमीच्या फाटकाशी चूल मांडून हौसाबाई भजी तळायच्या. सेक्रेटरीनं सभा तहकूब केली की भज्यांची परात पुढच्या दारानं आत जायची, आणि परात आत जाताना दिसली की टपरीवरची मंडळी विजारी झटकत उठायची. भजी खाता खाता सगळे विषय "मंजूर, मंजूर" करून माणसं जेवायला घरी. घड्याळाकडे कुणी बघायचंच नाही, परातीकडे बघायचं. या भज्यांना पेठगावात नावच पडलं होतं, तहकुबीची भजी.

मी एसटीतला माणूस. पेठगावच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून उभा जन्म गेला. गाव अजून मला कंट्रोलर म्हणतं. श्रीपती पाटोळे हे नाव फक्त पेन्शनच्या पुस्तकावर उरलंय. आमच्यात दहा म्हणजे दहा. रिटायर झालो त्या वर्षी मगदूम सरांनी, म्हणजे हायस्कूलचे पीटी मास्तर, रग्बीचे कोच आणि संघटनेचे सेक्रेटरी या तिन्ही एकाच सद्‌गृहस्थांनी, मला गोड बोलून सभासद करून घेतलं. सभेची नोटीस आली, वेळ सकाळी दहा. मी पावणेदहालाच जाऊन बसलो. तालमीच्या हॉलमध्ये मी आणि देव्हाऱ्यातला मारुती, दोघेच. मधली खुर्ची जरा बरी दिसली म्हणून तिच्यावर टेकलो. अकराच्या सुमारास भज्यांमागोमाग माणसं आत आली. जुने अध्यक्ष देणेकऱ्यांना कंटाळून पोराकडे नाशिकला पळालेले. "कंट्रोलर बसलेतच की खुर्चीवर," कोणी तरी म्हणालं. "अनुमोदन," दुसरा म्हणाला, तोही तोंडात भजं धरून. झालो अध्यक्ष. वेळेवर जाण्याची एवढी शिक्षा मला एसटीतसुद्धा कधी झाली नव्हती.

रग्बीतलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू अंड्यासारखा. हातानं टाकायचा तो मागंच टाकायचा, पळायचं मात्र पुढं. मगदूम सरांनी समजावून सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "ही तर सरकारी फाइलच झाली की ओ." पण पोरींचा खेळ बघितला आणि गप्प झालो. आमच्या पेठगावच्या पोरी, कुणी म्हशी राखणारी, कुणी पिठाच्या गिरणीवर बसणारी, पण चेंडू पोटाशी धरून अशा मुसंडी मारायच्या की समोरचं माणूस बाजूला व्हायलाच पाहिजे. मला ते फार आवडलं. आयुष्यभर मी गर्दीला "बाजूला व्हा, बाजूला व्हा" म्हणून माइकवर ओरडत आलो, कोणी झालं नाही.

संघटनेची अवस्था मात्र अशी होती की बँकेचा शिपाई मला बघून तोंड लपवून हसायचा. अध्यक्ष झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एका लग्नाला गेलो, तर वरात ज्या कमानीखालून आत येत होती ती कमान मला ओळखीची वाटली. झेंडूच्या माळा सोडलेल्या, मधल्या आडव्या दांडीवर "सुस्वागतम्". दोन्ही बाजूचे खांब बघितले आणि हातातल्या अक्षता तिथंच सांडल्या. आमचे गोलपोस्ट!

"बिलापोटी उचललेत," मंडपवाले अभयसिंह मोहिते शांतपणे म्हणाले. "तुमच्या मागच्या स्पर्धेचा मंडप, खुर्च्या, साउंड. दोन वर्षं झाली. पैसे द्या, पोस्ट न्या."

पैसे कुठले आणायचे? शेवटी मगदूम सरांनीच तोड काढली. अभयसिंहांचे मंडपाचे बांबू आणि लोखंडी पाइप ट्रकमधनं उतरवायला आमच्या पोरी तीन रविवार गेल्या. बिल फिटलं, पोस्ट परत आले, आणि सर म्हणाले, "जिमची फी वाचली. आता स्क्रमच्या रेटारेटीत आमच्या पुढच्या फळीला कोण ढकलतंय बघू." तेव्हापासून मला युक्ती सापडली. स्पर्धेला जायचं तर एसटीनं, मुक्काम शाळेत, जेवण कोणाच्या तरी मावशीकडे. गोलपोस्टच्या खांबांवर गावातल्या सराफाची जाहिरात लावली. पाच वर्षांत सगळं देणं फिटलं.

देणं फिटलं आणि तिथंच घोळ झाला बघा. संघटना बुडत होती तोवर तिच्याकडे ढुंकून कोणी बघत नव्हतं. आता लोकांच्या लक्षात आलं की या संघटनेकडे एक मैदान आहे. नगरपालिकेची ऐसपैस जागा, हायवेला लागून, लांब मुदतीच्या करारानं संघटनेच्या नावावर. अभयसिंहांना तिथं लग्नाचं लॉन करायचं होतं. कारंजं, झुंबर, वरासाठी वेगळा दरवाजा, सगळं त्यांच्या डोक्यात तयार होतं. संघटनेची मान्यता गेली असती तर करार आपोआप संपला असता आणि जागा भाड्यानं कोणालाही घेता आली असती. आणि पोरींना खेळायला उरला असता तो एसटी स्टँडमागचा उकिरडा.

अभयसिंह स्वतः आमचे सभासदही नव्हते. पण त्यांच्या मागे होते त्यांचे सासरे, आप्पासाहेब खराडे.

आप्पा म्हणजे आमच्या संघटनेचे संस्थापक. खेळाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण कुठल्याशा नव्या खेळांना अनुदान मिळतंय असं कानावर आलं, आणि दुसऱ्याच दिवशी ऊस सोसायटीतली, पतपेढीतली, दूध डेअरीतली आपली सगळी माणसं सभासद करून त्यांनी संघटना उभी केली. अनुदान काही आलं नाही, संघटना राहिली. तालुक्यात चाळीस वर्षं आप्पांनी दुसरं काही केलंच नव्हतं. सभा भरवायच्या आणि सभा मोडायच्या. एखादा ठराव नको असला की आप्पा भर सभेत एका माणसाकडे नुसते बघायचे. तो उठून लघवीला जायचा, आणि गणपूर्ती मोडायची. बरोबर एकच माणूस. जास्त नाही, कमी नाही. विरोधकसुद्धा कौतुकानं सांगायचे, आप्पांचा आकडा कधी चुकत नाही म्हणून.

तर त्या वर्षी राज्य संघटनेचं पत्र आलं. आठ वर्षं सलग तहकूब सभा बघून त्यांचं डोकं फिरलं होतं. या वेळची सभा निवडणुकीची होती. ती पूर्ण गणपूर्तीत झाली तरच मान्यता राहील, तहकूब सभेतली निवडणूक धरली जाणार नाही. निरीक्षक स्वतः येऊन माणसं मोजतील. नाही तर हंगामी समिती नेमू, तिचे प्रमुख संस्थापक सदस्य आप्पासाहेब खराडे. आप्पा समितीवर बसले की पहिल्याच बैठकीत मान्यता परत करणार, हे अभयसिंहांनी टपरीवर सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

सभासद होते एक्क्याण्णव. त्यातले सात कैलासवासी. त्यांची नावं कोणी कमी केली नव्हती, उलट त्यांना नोटिसा जात होत्या. पण ते गणपूर्तीच्या हिशोबात धरावे लागायचे. म्हणजे हॉलमध्ये एकतीस माणसं हवीत. निम्म्याहून जास्त सभासद आप्पांचे.

सभेच्या दोन दिवस आधी मी आप्पांच्या घरी गेलो. ते ओसरीवर अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसले होते. आप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. समोरच राहणाऱ्या लेकीकडून, अभयसिंहांच्या घरून, त्यांना रोज जेवणाचा डबा यायचा. मी बसलो तेवढ्यात डबा घेऊन त्यांची नात आली. शर्वरी. आमची कॅप्टन. बापाला त्या मैदानावर लॉन पाहिजे आणि पोरीला मैदान. तिनं डबा पायरीवर ठेवला, मला "येते काका" म्हणाली, आजोबांकडे बघितलंसुद्धा नाही, आणि निघून गेली.

"म्हैना झाला," आप्पा म्हणाले. "डबा देती, बोलत न्हाई. परवा भाजीत मीठच न्हवतं. इचारायचं कुणाला?"

"मग सोडा की आप्पा हा नाद. संघटना तुम्हीच काढलेली. पोरी राज्यात दुसऱ्या आल्यात या वर्षी."

"जावयाला शब्द दिलाय, कंट्रोलर." त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "लेक हाय माझी त्येच्या घरात. उद्या त्यो तिला म्हणाला, तुझ्या बापानं तोंडावर पाडलं मला, तर ती कुणाकडं बघंल?"

मला राग आला होता, पण त्या माणसाची खरोखर दयाही आली. उठता उठता मी विचारलं, "निवडणुकीला तुम्ही अर्जच भरले नाहीत ते? मुदत संपली. आमचंच एक पॅनल आहे."

"कशाला भरायचं?" आप्पा हसले. "सभा भरली तर निवडणूक. सभा भरणार न्हाई."

आणि आता सभेचा दिवस उजाडला होता. दहा वाजता जाजमावर तेवीस माणसं होती. अठरा वर्षांवरच्या चौदा पोरी, शर्वरीसकट; मगदूम सर, मी, आणि सात पालक. राज्य संघटनेच्या निरीक्षक टिपणीस बाई पुण्याहून पहाटेची गाडी पकडून आल्या होत्या. चष्मा साखळीला लावलेला, समोर यादी, हातात पेन, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं. मला त्या बाई बघताक्षणी आवडल्या. असं माणूस एसटीला पाहिजे होतं.

रस्त्यापलीकडे टपरीवर आप्पांची चाळीसेक माणसं चहा पीत बसली होती. आप्पा मध्ये बाकावर. बाजूला अभयसिंह, पांढरा शर्ट, पांढरे बूट, आत्ताच मुहूर्त करायला निघाल्यासारखे.

"वडगावची जीप अजून आली नाही," मगदूम सर माझ्या कानाशी म्हणाले. त्या जीपमध्ये आमचे नऊ सभासद होते. तेवढे आले की झालं.

दहा वाजून दहा मिनिटांनी जीपवाल्याचा फोन आला. जीप ओढ्याजवळ पंक्चर. स्टेपनी? स्टेपनीही पंक्चर.

"सर," मी म्हणालो, "माझ्या सर्व्हिसमध्ये कोण्या ड्रायव्हरनं असं केलं असतं तर..."

"ओरडू नका, बाई बघतायत."

सव्वादहाला एक पालक सायकलवरून धापा टाकत आला. चोवीस. मग कोणी नाही. मी दारात जाऊन उभा राहिलो, परत आलो, परत गेलो. टपरीवरून कोणी तरी ओरडलं, "कंट्रोलर, पेठगाव-गणपूर्ती गाडी किती लेट हाय?" सगळे हसले. तोंडावर काही तरी फेकून मारावंसं वाटलं, पण हातात फक्त वार्षिक अहवाल होता.

आत येऊन बसलो. समोर पोरी रांगेत मांडी घालून बसल्या होत्या. पहाटे सहापासून त्यांची प्रॅक्टिस झालेली, गुडघ्यांवर अजून माती, आणि त्यातल्या कुणी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. एकीच्या पोटात गुडगुडलं ते मला खुर्चीवर ऐकू आलं. ती लाजली. मैदान चाललंय, करार चाललाय, पाच वर्षांची उठाठेव पाण्यात चालली आहे, आणि बाहेर कढईतनं कांद्याचा वास येतोय. माझं डोकंच सटकलं.

"सर, हौसाबाईंना सांगा, भजी आणा आत."

"आत्ता? तहकूब झाल्याशिवाय?"

"सात मिनिटांनी तहकूबच होणार आहे. मग पलीकडची ती टोळी आत शिरंल आणि पोरींच्या हाताला चुरा लागंल. दर वर्षीचं आहे. आज पोरी आधी खातील, गरम. काय व्हायचं ते होऊ दे."

टिपणीस बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "सभेत खाण्याला नियमांची काही हरकत दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मलाही दोन चालतील."

हौसाबाईंनी परात डोक्यावर घेतली आणि फाटकातून, पुढच्या दारानं, दर वर्षीसारख्याच डुलत आत आल्या.

शपथेवर सांगतो, माझ्या डोक्यात दुसरं काहीही नव्हतं. गावात पुढं मला कोणी चाणक्य म्हणालं, कोणी काय. मी फक्त पोरींना भजी द्यायला निघालो होतो. पहिली परात जाजमावर टेकते न टेकते, तोच दारात खोकल्याचा आवाज आला आणि बाबू नाना चुयेकर आत आले. आप्पांचे उजवे हात, ऐंशीचे.

"झाली न्हवं तहकूब?" असं म्हणत त्यांनी दाराजवळ मांडी ठोकली आणि हात पुढं केला.

टिपणीस बाईंचं पेन यादीवर टेकलं. "पंचवीस."

मी आणि मगदूम सरांनी एकमेकांकडे बघितलं. सरांचा आ वासलेला तसाच. नानांच्या पाठोपाठ डेअरीचे दोघे आले, मग पतपेढीचे माजी चेअरमन, मग त्यांचा मेव्हणा. बाहेर आता गलका झाला. "आरं थांबा! साडेधा वाजल्यात का बघा तरी!" कोणी तरी ओरडत होतं. पण आठ वर्षांची सवय. पाय घड्याळावर चालत नव्हते, परातीवर चालत होते. पतपेढीच्या शिपायानं तर टपरीवरचा चहा अर्धवट टाकून आत मांडी घातली.

"तीस," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात अभयसिंहांना उमजलं. ते रस्ता ओलांडून पळत आले आणि दोन्ही हात पसरून फाटकात उभे राहिले. त्यांच्यामागे तीसेक माणसं अडकली. "कोणी आत जायचं नाही! अजून तहकूब झालेली नाही! फसवाफसवी आहे!" एका म्हाताऱ्यानं त्यांच्या काखेखालून घुसायचा प्रयत्न केला, त्याला त्यांनी सदऱ्याला धरून मागे ओढलं. मागची गर्दी ढकलत होती, अभयसिंह एकटे रेटत होते. "सर, स्क्रम," एक पोरगी भजं खात खात म्हणाली.

तीस. आणि दोन मिनिटं बाकी. मी मारुतीकडे बघितलं. त्यांनी आतापर्यंत या संघटनेच्या सगळ्या सभा बघितलेल्या, काही मदत करतील तर बरं, असं वाटलं.

फाटकाच्या बाजूची खिडकी उघडी होती. तिच्या गजांशी एक चेहरा आला. आप्पा. गर्दीतून केव्हा पुढं आले कळलं नाही; फाटकात सासऱ्यांना अभयसिंह कशाला अडवतील? जाजमावरून त्यांची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरली. ओठ हलत होते. आपल्या माणसांना शिव्या देत असणार, असं मला वाटलं. शेवटी नजर शर्वरीवर थांबली. तिनं मान वळवून भिंतीकडे बघितलं. चेहरा खिडकीतून गेला.

आणि मग दारात आप्पांचा आवाज कडाडला. "ए बाबू नाना! लाज हाय का तुला? चल भायेर! ऊठ म्हणतो न्हवं!"

दारातून ओरडत ते आत आले, जाजमावर आले, चालत चालत पार मध्यावर आले, आणि नानांच्या खांद्याला हात घातला. नानांच्या दोन्ही गालांत भजी होती. त्यांना उठताही येईना, बोलताही येईना.

टिपणीस बाईंनी यादीवर खूण केली, घड्याळ उचलून बघितलं आणि चष्मा काढला. "श्रीयुत आप्पासाहेब खराडे. एकतीस. वेळ दहा एकोणतीस. गणपूर्ती झाली आहे. अध्यक्ष, सभा सुरू करा."

मग पोरींनी अशी किंकाळी फोडली की कढईजवळचं मांजर भिंतीवरून पलीकडे गेलं. मगदूम सर रडायला लागले. मी खुर्चीला धरून उभा होतो.

"आप्पा! बाहेर या! आधी बाहेर या!" अभयसिंह फाटकातून ओरडत होते.

"ते आता बाहेर गेले तरी हरकत नाही," बाई म्हणाल्या. "आमच्या नियमात गणपूर्ती सुरुवातीला एकदाच मोजतात. नोंद झाली."

आप्पा जाजमाच्या मधोमध उभे. इकडे बघतात, तिकडे बघतात, कपाळावर हात मारून घेतात. "आयला, काय झालं हे? काय झालं?" चाळीस वर्षांत त्या माणसाला कोणी असं गोंधळलेलं बघितलं नव्हतं. माझं काळीज हललं हो.

मी अध्यक्षीय आवाज काढला आणि विषय वाचला. पदाधिकाऱ्यांची निवडणूक, एकच पॅनल, बिनविरोध. आणि आप्पांच्या त्या सहाही माणसांनी, सवयीचा भाग, भरल्या तोंडानं एकसुरात आरोळी दिली, "मंजूर!"

तेव्हा शर्वरी उठली. परातीतून कागदावर भजी घेतली आणि आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. महिनाभरात पहिल्यांदा.

"आप्पा, कांद्याची देऊ का मिरचीची?"

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. डोळे पुसले. चुलीचा धूर आत येत होता, हे खरं आहे.

"दोन्ही दे," ते म्हणाले.

मैदान राहिलं. पुढच्या वर्षी पोरी राज्यात पहिल्या आल्या. आता कंट्रोलर आजोबा म्हणून नवीन पोरी माझ्या पाया पडतात, आणि शर्वरी त्यांना शिकवते. वार्षिक सभा दहाला भरते आणि भजी दहालाच आत जातात; हौसाबाईंनी तसा ठरावच करून घेतला. आप्पा गेल्या दिवाळीत गेले, म्हणून आज ही शेवटची गोष्ट सांगतो. अभयसिंहांच्या कानावर जाऊ नये एवढ्यासाठी इतकी वर्षं गप्प बसलो.

त्या दिवशी सभा संपल्यावर मी कुलूप घेऊन दारात उभा होतो. फाटकाबाहेर अभयसिंह सासऱ्यांना झाडत होते. "दारातून हाक मारायची होती! आत कशाला शिरलात?"

"भान न्हाई राह्यलं ओ, जावईबापू," आप्पा हात जोडून म्हणत होते. "डोकं फिरलं माझं. संतापानं काय दिसंना झालं. चुकलं."

अभयसिंहांनी गाडीला किक मारली आणि धूळ उडवत निघून गेले. आप्पा अनवाणी, सावकाश, चपला घ्यायला परत आले. पायरीवरच्या चपला एव्हाना सगळे घेऊन गेले होते. त्या आत पळत आलेल्या सहा जणांच्या चपला मघाशी कशाही पडल्या होत्या, बाबू नानांची एक तर हौसाबाईंच्या पिठाच्या पातेल्यात सापडली. आप्पांच्या चपला पायरीवर नव्हत्याच. खिडकीखाली भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात त्या ठेवल्या होत्या. दोन्ही जोडीनं, टाचा भिंतीला लावून.

मी त्या चपलांकडे बघितलं. मग आप्पांकडे.

"आप्पा," मी म्हणालो, "संतापात चपला मात्र बऱ्या जागेवर ठेवल्यात."

आप्पांनी चपला खाली काढल्या, एक पाय घातला, दुसरा घातला. मी त्या चपला पाच वर्षं ओळखत होतो. अंगठा शिवलेला, उजव्या टाचेला टायरचा तुकडा ठोकलेला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले,

"नव्या हायत, कंट्रोलर. चोरीला जात्याल."